आतला दोर

दुपारचे अडीच. शाल्मली गादीवर उताणी झोपलीय, उजव्या हाताला दंडापर्यंत प्लास्टर. वर्षाचीही झाली नाही अजून. मी शेजारी आडवी, मध्ये वीतभर जागा ठेवून. आठ दिवस झाले, मी तिला उचललेलं नाही. मिलिंद ऑफिसला जाताना तिला गादीवर ठेवतो, आल्यावर उचलतो. मधले तास मी तिथंच वाकून भरवते, पुसते, रडते. आता झोपायचं नाही असं ठरवलंय. झोपेत माझा हात तिच्यावर पडला तर? पंख्याची घरघर लांब लांब जाते आणि तिच्या जागी पाणी उकळल्याचा आवाज येतो.

न्हाणीत हौसामावशी बसलीय, पाय लांब करून, लुगडं गुडघ्यापर्यंत ओढून, बाळाला पायांवर घ्यायला बसायची तशी. शेजारी आमच्याकडे कधीच नसलेला तांब्याचा बंब. ती श्रावणात वारली. हे मला माहीत आहे. तिलाही असावं, कारण बंबाला खेटून बसूनही तिला घाम नाही.

"आन की पोरीला. पानी निवतंय."

"मावशी, नको. मोडतं तिचं."

"आजून म्याच मोडलंय म्हन्तीस?"

चाळीस वर्षं गल्लीतली पोरं न्हाऊ घालणारी बाई. शाल्मली चार महिन्यांची असताना मालिश झाल्यावर तिची मांडी सुजली, हाड मोडलेलं निघालं. दुसऱ्या दिवशी मी मावशीला दारातूनच परत पाठवलं. तुमच्या ओढाताणीनं झालं, मी म्हणाले, शेजारपाजारचे ऐकतील अशा आवाजात. मग तिला कुणीच बोलावेना. आणि आठ दिवसांपूर्वी मी स्वतः झबल्याच्या बाहीतून शाल्मलीचा हात सोडवत होते, तेव्हा कट् असा आवाज आला.

"मला नव्हतं कळलं, मावशी."

"कालेज शिकल्याली तू. काय शिकलीस मंग?"

बी.एस्सी.ची प्रयोगशाळा. खिळ्याला सांगाडा टांगलेला, आणि मावशी त्याच्या बरगड्यांना तेल चोळतेय. मी तोंडी परीक्षेला उभी असल्यासारखी घडाघडा बोलते. हाड जिवंत असतं, मावशी. काही पेशी जुनं हाड पोखरून खातात, काही नवं बांधतात, जन्मभर चालतं ते. पोकळीतल्या मज्जेत रक्त तयार होतं. बांधणाऱ्यांतल्या काही आपणच बांधलेल्या भिंतीत अडकतात. तिथंच जगतात, बारीक बोळांतून एकमेकींना बोट लावून.

"भिंतीत चिनल्याल्या, आन जगत्यात?"

"हो."

"बायाच म्हनायच्या."

मला हसू येतं आणि लगेच रडू.

"मंग पोरीला कमी काय पडलं? चुना?"

"चुना आहे. तो ज्याला धरून बसतो, तो आतला दोरच कच्चा असावा, असं डॉक्टर म्हणतात. घडतानाच चुकलेला. सोमवारी रिपोर्ट येईल."

"नाचनी दे. दूध पाज."

"त्यानं दोर नाही सुधारत, मावशी. मी काहीही दिलं तरी तिथवर पोचत नाही."

ती एक्स-रे उजेडासमोर धरते. खोलीत आता बाकी काही नाही, फक्त तेवढी काच पेटलेली. काडीएवढा दंड, मध्ये पांढरट ढग.

"हितं गाठ धरलीया की!"

"नवं हाड आहे ते. पण तेही त्याच दोराचं."

मावशी काचेवरून अंगठा फिरवते, अगदी हलका. "तिच्या डोळ्यांतलं पांढरं निळं हाय. पैल्याच आठवड्यात म्हनलं हुतं तुला, ही पोर न्यारी हाय, हिला तानायची न्हाई."

म्हणाली होती. डॉक्टरांनीही या खेपेला आधी तिच्या डोळ्यांतलं ते निळंच पाहिलं. मी निळे डोळे किती सुंदर म्हणून फोटो काढत बसले होते. शेजारचं बाळ बाळसेदार, माझीच्या पायांच्या काड्या. मीच म्हणाले होते, मावशी, कंटाळा करू नका, सगळ्यांना करता तसंच करा.

"मावशी, मी..."

"त्ये ऱ्हाऊ दे. पोर रडतीया. उचल."

"नाही उचलता येत मला."

ती माझं डावं मनगट पकडते. "काखंत धरू नगंस. पाय धरून तर न्हाईच. पंजा पसर. एक मानंखाली, एक बुडाखाली. वला पापड उचलत्यात तसं, सबंध."

"दुखतंय, मावशी."

"दुखू दे. तुझं न्हाई मोडत."

शाल्मली रडतेय. पंखा फिरतोय. माझ्या डाव्या मनगटावर चार लाल वळ आहेत, आणि आतल्या बाजूला एक रुंद. माझीच उजवी बोटं मी त्यांच्यावर ठेवून बघते. वळ जास्त जाड आहेत, जास्त दूर दूर. माझी बोटं तिथवर पुरत नाहीत.

मी एक पंजा तिच्या मानेखाली सरकवते, दुसरा बुडाखाली. तिचं सगळं वजन हातांवर येतं. ती रडायची थांबून वर बघते, निळ्या डोळ्यांनी, आता उचलेल म्हणून. मी तशीच वाकून राहते. हात वर येत नाहीत. मनगटावरचे वळ फिके होत चाललेत.