चौथ्याचे डोळे

डोक्याइतक्या वाढलेल्या कपाशीत फवारणी करताना माझ्या मोठ्या भावाला विषबाधा झाली. दादा वाचला, पण नजर धुरकट झाली. दवाखान्यातून त्याला गावी, बाभुळगावला न पाठवता मी यवतमाळला माझ्या घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, "डोळे सुधारतील, न सुधारतील. वाट पाहा." त्यांचं काय जातं सांगायला!

आमचा दोघांचा एक लाडका लेखक होता. त्याच्या हेरकथांसाठी आम्ही लहानपणी मारामाऱ्या करायचो. ज्याचं जेवण आधी होईल त्याचं पुस्तक, म्हणून दोघंही अर्धपोटी उठायचो. त्याची नवी कादंबरी आणून मी ऑफिसातून आल्यावर दादाला वाचून दाखवू लागले.

हेर या वेळी आमच्याच भागात आलेला. लेखकानं भर श्रावणात बायकांना कापूस वेचायला लावलं, तेव्हा दादा पोट धरून हसला. "यानं कपाशी पाह्यलीच नाही वाटते! बोंडं तं दिवाळीले फुटते." आजारपणानंतर तो पहिल्यांदाच हसत होता.

मग ते प्रकरण आलं. शत्रूचा माणूस नवं विष तपासायला ते फवारणीच्या पंपात मिसळतो. तीन मजूर मरतात, चौथा आंधळा होऊन दवाखान्यात पडतो. हेराचा साहेब म्हणतो, इथे हे दरवर्षीचंच, कोणाला संशय येणार नाही. माझं डोकं सणकलं.

"थांबली काहून? वाच ना."

वाचलं. पुढच्याच पानावर हेर गोव्याच्या हॉटेलात. मग एक सुंदर बाई, मग मोटारींचा पाठलाग. दादानं मला थांबवलं.

"त्या चौथ्याचं काय झालं? डोये आले का त्याचे?"

"येईल पुढे."

"पाह्य ना मंग पुढचं."

शेवट आधी बघायचा नाही, हा आमचा लहानपणापासूनचा कायदा. तो मोडून मी पानं उलटत शेवटापर्यंत गेले. हेराला पदक मिळालं होतं. चौथ्याचा कुठे उल्लेखही नव्हता. ज्याच्यापायी आम्ही भरल्या ताटावरून उठलो, त्या मेल्या लेखकाला आमच्या माणसाच्या डोळ्यांबद्दल एक ओळ खरडता आली नाही! पुस्तक चुलीत घालावंसं वाटलं.

"नाही लिहिलं, दादा."

"मंग मले काय करायचं त्या हेराचं? ठेवून दे."

तो भिंतीकडे तोंड करून पडला. जरा वेळानं म्हणाला, "पण आले असतीन ना त्याचे डोये?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं, आणि रागानं मला रडूच फुटलं.