चिंचेखालची मिस्सा

प्रिस्काच्या वाढदिवसाला केक नंतर, आधी मृतांसाठी मिस्सा. गास गावातल्या त्या घरात हा क्रम कधी चुकला नाही. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिची आय बर्था तिला न्हाऊमाखू घालून चर्चमध्ये न्यायची आणि फादर माईकवर मिस्साचे हेतू, म्हणजे ती कुणासाठी आहे ते, वाचायचे, “मृत मनोरमा हिच्या आत्म्याला चिरशांती लाभावी म्हणून.” आलोशियस, स्टॅनिस्लाव अशा नावांच्या रांगेत ही एकटी मनोरमा. गावातल्या बायका मान न वळवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून प्रिस्काकडे बघून घेत. गासात कुणाला काय ठाऊक नसतं? पण तोंडावर कुणी बोलायचं नाही, एवढी रीत गावाने पाळली.

मनोरमा म्हणजे प्रिस्काची जन्मदाती. बर्थाने हे लपवलं नव्हतं. हायवेपलीकडच्या पूर्वपट्टीतली पोर, आपल्या वाडीत केळीच्या कामाला यायची, लग्न झालेलं नव्हतं, बाप कोण ते सांगितलं नाही, तुला जन्म दिला आणि गेली. बर्थाला मूल नव्हतं. इतकी सरळ गोष्ट, आणि तिचा शेवटही झालेला. मेलेल्या बाईवर रागावता येत नाही आणि तिची वाटही बघता येत नाही. प्रिस्का तिच्यासाठी मनापासून प्रार्थना करत मोठी झाली, नालासोपाऱ्याच्या शाळेत शिक्षिका झाली, रॉकीशी लग्न करून हाकेच्या अंतरावर राहायला गेली.

खुपायचं ते फक्त मृतांच्या दिवशी. नोव्हेंबरच्या सुरुवातीला अख्खं गाव दफनभूमीत जमतं, आपापल्या माणसांच्या कबरी धुतं, शेवंती पसरतं, मेणबत्त्या लावतं. ज्यांची कबर तिथे नाही त्यांच्यासाठी मधल्या मोठ्या क्रुसापाशी मेणबत्ती लावायची. बोटीवर गेलेले, परदेशात वारलेले, आणि मनोरमा. दरवर्षी ती मेणबत्ती लावताना प्रिस्काला वाटायचं, हिला मी बेवारशासारखं इथे किती वर्षं उभं करणार?

ॲन्सेल्म, तिचे पप्पा, गेल्या उन्हाळ्यात गेले. जाण्याआधी, बर्था औषध आणायला स्वयंपाकघरात गेलेली असताना, ते एवढंच म्हणाले, “चांदीपची होती ती.” पुढचं बोलायला त्यांना दम पुरला नाही.

त्या नोव्हेंबरात प्रिस्काने क्रुसापाशी मेणबत्ती लावली नाही. ती पिशवीत घातली, सोबत शेवंतीची फुलं घेतली, आणि रविवारी स्कूटी काढून हायवे ओलांडला. बर्थाला सांगितलं, शाळेचं काम आहे. तिचा बेत साधा होता. मनोरमाला जिथे अग्नी दिला ती जागा कुणी दाखवली तर तिथे फुलं ठेवायची, आणि कुणाकडे फोटो असला तर एकदा बघायचा. आपलं नाक कुणाचं, हे चाळिशी उलटलेल्या बाईला अजून माहीत नव्हतं.

चांदीप गावात भात झोडून झालं होतं. एका अंगणात पेंढा रचणाऱ्या म्हातारीला तिने विचारलं. म्हातारीचं नाव धोंडूबाई, आणि गावाच्या चार पिढ्या तिच्या तोंडावर होत्या.

“मनोरमा? एकच हाय. शांतारामची. गावातल्या गावात दिलेली.”

“त्या वारल्या ना? खूप वर्षांपूर्वी?”

धोंडूबाईने पेंढी खाली ठेवली. “शांताराम वारला. ती कशाला वारंल? ती बघ, कवाडात बसलीय.”

प्रिस्काने वळून पाहिलं. समोरच्या घराच्या उंबऱ्यावर एक बाई सुपात तांदूळ निवडत होती. बारीक, उन्हाने रापलेली. नाक तेच होतं. रोज आरशात दिसणारं.

घराबाहेर तिचा मुलगा जितेश मोटरसायकल धूत होता. त्याने विचारलं, “कोण पाहिजे, मॅडम?” मनोरमाने मान वर केली. तिने ओळखलं. लगेच ओळखलं, हे प्रिस्काला आयुष्यभर पुरेल एवढं स्पष्ट दिसलं. पण बाई उठली नाही. सूप हातात तसंच धरून लेकाला म्हणाली, “गासची हाय. हिच्या आयशीच्या वाडीत मी कामाला जायची. जा, दूध आन चहाला.”

जितेश गेला. तेवढाच वेळ होता.

“बर्थाबाय बरी हाय?” मनोरमाने विचारलं.

प्रिस्का हो म्हणाली. इतकी वर्षं जिच्या आत्म्यासाठी गुडघे टेकले ती समोर बसून बर्थाची खुशाली विचारत होती. “मला सांगितलं होतं, तुम्ही गेलात,” ती कशीबशी म्हणाली.

“ठाव हाय मला.” मनोरमा सुपातले खडे वेचत राहिली. “मी आलेली एकदा. तू सात-आठ वर्साची असशील. संक्रांतीचा दुसरा दिवस, तुझा जन्माचा. म्हटलं, लांबून बघून येईन. तुमच्या देवळाबाहेर चिंचेखाली उभी होती. आत फादर माईकवर बोलला, मनोरमा. मला वाटलं, मलाच बोलावतात. कुनी बघितलं वाटतं, म्हनून बोलावतात. मी चप्पल काढली पन. तिथं एक बाई होती, तिला विचारलं. ती म्हनाली, ही मेलेल्यांची नावं.”

प्रिस्का उंबऱ्यापाशी खाली टेकली.

“मग तुम्ही बाहेर आलात. पांढरा फ्राक होता तुला. पुढचे दात नव्हते. बर्थाबायचं बोट धरलेलं. मी झाडाआड झाली.” तिने सूप पाखडलं. “मी मनाशी म्हटलं, तिनं मला मारली ते बरोबरच केलं. मेलेल्या बाईनं परत कशाला यायचं? मग आली नाय.”

गेटपाशी जितेशची चाहूल लागली. मनोरमा झटकन म्हणाली, “याला ठाव नाय. सुनंला ठाव नाय. तू परत येऊ नको, बाय.” आणि तिच्या पिशवीकडे बघून विचारलं, “त्यात काय हाय?”

“मेणबत्ती,” प्रिस्का म्हणाली. खोटं बोलायचं सुचलंच नाही.

मनोरमाने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं. “देऊन जा,” ती म्हणाली. “इथं लाईट जाते.”

प्रिस्काने जितेशसमोर चहा घेतला, मनोरमाला दोनदा मावशी म्हटलं, आणि निघाली. फुलं तिने धोंडूबाईच्या सुनेला केसात माळायला दिली.

घरी आल्यावर ती सरळ बर्थाच्या खोलीत गेली. बर्थाला आता नीट दिसत नाही. पलंगावर बसून ती रोझरीचे मणी ओढत होती.

“आय, ती जिवंत आहे.”

मणी थांबले. बर्थाने कुठली मनोरमा, कोण जिवंत, असं काही विचारलं नाही. म्हणाली, “मेलेल्याला कोन शोधीत नाय, म्हनून. तू गेली असतीस तं माझ्याकडं काय रायलं असतं?” मग रोझरी मांडीवर ठेवून, “जित्या बाईची मृतांची मिस्सा सांगितली मी. पाप हाय ते माला लागल. तू नको घेवस.”

प्रिस्काला राग आला होता, भयंकर राग. स्कूटीवर येताना तिने बोलायचं सगळं ठरवलं होतं. पण समोर एक आंधळी होत चाललेली म्हातारी होती, जिने हिच्या प्रत्येक तापात रात्री जागवल्या होत्या आणि प्रत्येक वाढदिवसाला देवाच्या दारात खोटं सांगितलं होतं. ती काही बोलली नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

जानेवारीत मिस्साचा हेतू सांगायची वेळ आली. मृतांऐवजी ‘आरोग्यासाठी’ एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण गावाला कळलं असतं, बर्थाची अब्रू गेली असती, आणि गासची बातमी चांदीपला पोचायला किती वेळ लागतो? मनोरमाने लेकापासून एवढी वर्षं जे जपलं ते उघडं पडलं असतं. प्रिस्काने दरवर्षीचंच नाव, दरवर्षीसारखंच दिलं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तिने बर्थाला धरून चर्चमध्ये नेलं, बाकावर बसवलं. हेतू सुरू व्हायच्या जरा आधी तिला बसवेना. ती उठून बाहेर गेली. चिंच अजून आहे. खाली आता पेव्हर ब्लॉक घातलेत, स्कूटर लावतात. प्रिस्का बुंध्याला टेकून उभी राहिली.

माईकवर नाव आलं. मनोरमा. बाहेरून ते खरंच कुणी हाक मारल्यासारखं ऐकू येत होतं. आत सगळे एका सुरात म्हणाले, “प्रभो, आमची प्रार्थना ऐक.” प्रिस्काच्या तोंडून मात्र चांदीपला जे निघालं नव्हतं ते निघालं. “आई,” ती म्हणाली, झाडाला ऐकू जाईल एवढंच.

मग डोळे पुसून ती आत गेली, कारण उघड्या दारातून तिला दिसत होतं, बर्था बाकावर शेजारची रिकामी जागा हाताने चाचपत होती.