खळ दिलेला तंबू

पडदा वर जातो. निमोणे गावातलं एक अंगण, सकाळचे आठ वाजलेले. डाव्या अंगाला गोठा, उजवीकडे कडुलिंब, आणि मधोमध तारेवर टाकलेलं राखाडी रंगाचं कापड. वारा आहे, पण कापड हलत नाही. पापडासारखं ताठ लटकलं आहे. त्याच्यापुढं हात मागं बांधून माझा शेजारी रखमाजी उभा. चाळीस वर्षं मी तमाशाच्या फडात राजाची कामं केली. हरलेला सरदार दरबारात कसा उभा राहतो, हे मी कितीतरी नटांना शिकवलं. रखमाजीला कुणी शिकवलं नव्हतं.

"मास्तर," तो म्हणाला, "म्या पोरीचा तंबू घालवला."

पोरगी म्हणजे त्याची नात पूनम. कुरकुंभच्या एका औषध कंपनीत ती लॅबमध्ये काम करते, दौंडला खोली घेऊन राहते, आणि सुट्टी मिळाली की पाठीवर सॅक टाकून डोंगर चढते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दौंडहून दिल्लीकडची गाडी पकडून ती हिमाचलात जाणार होती. आठ दिवसांची चाल, आणि ज्याचा निवारा त्यानं आपल्या पाठीवर न्यायचा. वर्षभर मागून मिळालेली रजा. तंबू तिचा नव्हता, कंपनीतल्या रविराजनं विश्वासानं दिलेला. तो नसेल तर तिचं जाणं रद्द.

त्या तंबूची ओळख पूनमनं आम्हांला शनिवारीच करून दिली होती. सगळा मिळून किलोभरसुद्धा वजन नाही. "हे नायलॉन आहे, दोन्ही बाजूंनी सिलिकॉन दिलेलं," ती म्हणाली. "फाटायला चिवट. पण भिजलं की सैल पडतं, मग दोऱ्या पुन्हा ताणाव्या लागतात. पॉलिस्टर तसं सैल पडत नाही, मला खरं तर तेच हवं होतं. आणखी एक कापड येतं, आरपार दिसणारं. सगळ्यात हलकं, पण घासलं की लवकर झिजतं." मग तिनं चालायची काठी आत उभी केली, चार कोपरे खुंट्यांना ताणले, आणि तंबू उभा राहिला.

रखमाजी भोवती एक फेरी मारून आला. "ही तर आमचीच राहुटी हाय," तो म्हणाला. "फकस्त मेंढरं न्हाईत."

खरंच होतं ते. वयाच्या पस्तिशीपर्यंत या माणसाला छप्पर माहीत नव्हतं. दिवाळी झाली की पाच घरांची मेंढरं एकत्र करून घाट उतरून कोकणात जायचं. घोड्यावर भांडी आणि कोंबड्या. मुक्कामाला दोन काठ्यांवर घोंगडी टाकायची, झालं घर. पुढं कालव्याचं पाणी आलं, मेंढरं विकली गेली, कांदा आणि ऊस आला. स्लॅबचं घर बांधलं, तर पहिलं वर्षभर हा अंगणातच झोपला. वर सिमेंट असलं की त्याला ऊर दडपल्यासारखं व्हायचं.

शनिवारी पूनम तंबूत झोपून पाहायला गेली. रविवारी सकाळी उठली तर आतल्या बाजूनं पाण्याचे थेंब. "आबा, कापड गळत नाही. माझ्याच श्वासाचं पाणी आहे हे," असं सांगून, तंबू तारेवर टाकून ती राहिलेल्या ड्युटीसाठी दौंडला गेली.

रखमाजीला ते पटलं नाही. पाणी आत दिसलं म्हणजे कापड गळतं, आणि गळणाऱ्या घोंगडीवर त्याच्या घरात एकच औषध होतं, चिंचोक्याची खळ. त्यानं चिंचोके भाजले, सोलले, वाटले, शिजवले, आणि रविवारची सगळी दुपार घालवून दोन्ही अंगांनी तंबूला खळ चोपडली. इतकी मायेनं, की एक बोटभर जागा सुटली नाही.

"प्लॅस्टिकला खळ दिली ह्या माणसानं," त्याची बायको सिंधूबाई गोठ्यातून म्हणाली. "आता ट्रॅक्टरला वैरण टाका म्हंजी झालं."

"तू गप गं. मास्तर, धुऊन काढू का? कढत पाणी टाकतो."

"कशाला हात लावू नकोस," मी म्हणालो. "आधी पोरीला सांग."

"तुम्हीच सांगा. तुमाला बोलाया येतं."

"लिहून दिलेलं बोलता येतं मला. हे तुझं तूच बोल."

लॅबमध्ये फोन नेता येत नाही. दहाच्या चहाच्या सुट्टीपर्यंत थांबावं लागलं. त्या दोन तासांत त्यानं चहासुद्धा घेतला नाही. फोन लागला, स्पीकरवर टाकला. त्यानं एका दमात सगळं सांगितलं आणि डोळे मिटून घेतले.

पलीकडं चहाचा कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग पूनम म्हणाली, "गरम पाणी घातलं का?"

"न्हाई."

"साबण, सोडा?"

"न्हाई."

"दगडावर आपटलं?"

"न्हाई अजून."

"बरं झालं. हौदात गार पाण्यात तासभर नुसता बुडवून ठेवा. पिळू नका, घासू नका. हातानं हलवून खळ सोडवा आणि सावलीत वाळवा. उन्हात नको, नायलॉन उन्हानं कुजतं. मी संध्याकाळी येते."

आवाजात राग होता की काय, ते आम्हां दोघांनाही कळलं नाही.

हौदात तंबू बुडवला. तासाभरानं रखमाजीनं हात फिरवला, तर खळ सायीसारखी सुटून वर आली. सिलिकॉननं तिला आत शिरूच दिलं नव्हतं, ती नुसती वर बसून होती. घोंगडीची लोकर खळ पिते, हे कापड काहीच पीत नाही. फक्त शिवणींच्या दोऱ्यांत थोडी अडकली होती. ती मी मऊ टूथब्रशनं हळूहळू काढली. तशीच राहती, तर बुरशी धरली असती, नाहीतर उंदरांनी शिवणीच खाल्ल्या असत्या. चार वेळा पाणी बदललं.

संध्याकाळी पूनम आली. चप्पल न काढता थेट गोठ्याच्या सावलीत गेली, कापड उजेडाकडं धरलं, शिवण न् शिवण तपासली. मग मगभर पाणी वरून ओतलं. अळूच्या पानावरून घरंगळावं तसं पाणी घरंगळून गेलं. आतून हात लावला, कोरडा.

"काही झालं नाही, आबा," ती म्हणाली.

रखमाजी ओट्यावर बसला. म्हणाला, "सिंधे, भाकर दे." मलाही तेव्हाच कळलं की सकाळपासून माझ्याही पोटात काही नाही. त्या दिवशीच्या पिठल्याची चव मी अजून सांगू शकतो.

जेवता जेवता त्यानं विचारलं, "पर आत पाणी आलं कसं? तंबूची चेन कुणी लावली व्हती?"

"आजीनं. साप शिरेल म्हणून वरपासून खालपर्यंत."

"आन् तंबू कुठं लावला व्हता?"

तिनं बोट दाखवलं. कालव्याच्या चारीलगत, उसाला चिकटून, सखल जागेत.

तो दिवसभरात पहिल्यांदा हसला. "पाण्याच्या उशाला झोपलीस, दार लावून. घोंगडीतबी पाणी सुटलं असतं. म्या बी येडा, जागा बघायची सोडून कापडाला नावं ठेवली."

ताट बाजूला सारून तो उठला. गोठ्यामागच्या उंचवट्यावर तंबू त्यानं स्वतः लावला. पाठ वाऱ्याकडं, कापडाची कड जमिनीपासून वीतभर वर, हवा खेळावी म्हणून. आतली जाळी मात्र बंद, सिंधूबाईच्या सापासाठी. पूनम तिथं झोपली. सकाळी उठून आम्ही पाहिलं, तर एका कोपऱ्यात जरासा ओलावा, बाकी सगळं कोरडं ठणठणीत.

संध्याकाळी दौंड स्टेशनवर ती गाडीत बसली. रखमाजीनं सॅकचा पट्टा तेवढा ओढून पाहिला.

पाचव्या दिवशी तिला कुठंतरी रेंज मिळाली आणि फोन आला. मी तिथंच होतो. फोन स्पीकरवर.

"आबा, दोन दिवस पाऊस आहे इथं. मी तुम्ही सांगितलं तसा उंचावर लावलाय, अगदी कोरडा आहे. आमच्यातल्या दोघींनी खाली ओढ्याकाठी लावलेत, त्यांच्या तंबूत नुसतं पाणी टपकतंय."

रखमाजीनं फोन तोंडाजवळ नेला.

"मग तू एकटी कोरडी काय बसलीस? त्यांनाबी वरल्या अंगाला बोलव."