कोर्ट उठेपर्यंत

कोर्टाने माझ्या यजमानांना शिक्षा सांगितली तेव्हा मला मनातून बरे वाटले होते. थोडा दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत तिथेच बसून राहायचे. नुसते बसणे ही काय शिक्षा झाली, असे मला वाटले. मी चौथीपर्यंत शिकले, लिहिताना हात हळू चालतो. पण बोलण्यापेक्षा हे बरे जमते. बोलणे मला कधी जमलेच नाही, आणि पुढचे सगळे त्यातूनच झाले.

आम्ही अमरावतीला राहतो. यजमान एका व्यापाऱ्याची मेटॅडोर चालवतात. त्या दिवशी तिवशाला संत्री पोचवायची होती. वाटेत मोझरीला समाधीचे दर्शन होईल म्हणून मीही पुढे त्यांच्या बाजूला बसले. परत येताना, भर दुपारी, नांदगाव पेठेजवळ एका गल्लीतून मोटारसायकल एकदम रस्त्यावर आली. चालवणारा माणूस मान वळवून मागे कोणाशी तरी बोलत होता. मागून एक ट्रक पुढे निघत होता, त्याला वाट द्यावी म्हणून यजमान आरशात बघत होते. मोटारसायकल आधी मला दिसली. "अवो, थांबा," मी ओरडले, आणि त्यांनी ब्रेक मारला. आमची गाडी जवळजवळ उभीच राहिली होती, तेवढ्यात तो येऊन समोर धडकला आणि पडला. त्याच्या गुडघ्याला टाके पडले. मी ओरडले नसते तर तो चाकाखाली गेला असता.

पोलीस ठाण्यात जमादार लिहीत होते. टेबलाभोवती चार-पाच माणसे उभी होती. जमादारांनी मान वर न करता मला विचारले, "बाई, तुमी बाजूलेच होत्या ना? काय पाह्यलं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. काही सांगितले की पुढचा प्रश्न येईल, मग त्याच्या पुढचा. मी म्हटले, "मले झोप लागली होती."

"चाला, एक जबाब लिहायचा वाचला," जमादार म्हणाले. कोणीतरी हसले.

यजमान शेजारीच उभे होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले. घरी जाईपर्यंत बोलले नाहीत. मला वाटले, केसच्या चिंतेत आहेत.

गुडघा फुटलेला माणूस चांगला होता. आठवड्याने स्वतः म्हणाला की माझी काही तक्रार नाही. पण जमादार म्हणाले, "त्याचं मिटलं, सरकारचं नाही मिटलं. भरधाव, हयगयीनं गाडी चालवली, हे सरकारची केस आहे. कोर्टात सांगा जे सांगायचं ते."

म्हणून आम्ही वकील केले. मुसलमान गृहस्थ, वयस्कर, बोलणे अर्धे हिंदी. त्यांनी कागद वाचले आणि चष्मा काढला. "देखो भाऊ, गुन्हा लागला म्हणजे शाबित झाला असं नाही. शाबित करणं सरकारचं काम. तुमी फक्त कबूल नाही म्हणा. त्या मोटारसायकलवाल्याले गल्लीतून निघताना कोणी पाह्यलं काय?"

वकीलसाहेबांनी माझ्याकडे पाहिले. "बाई?"

मी पदराचे टोक बघत राहिले.

"झोपली होती ते, साहेब," यजमान म्हणाले.

"दिवसाढवळ्या, त्या रस्त्यावर, मेटॅडोरमध्ये झोप? मले त घरी पलंगावर येत नाही."

ते हसले, पण उत्तराची वाट बघत होते. तेव्हाही बोलता आले असते. पण आता एका खोट्याला दुसरे चिकटले होते. पिंजऱ्यात उभे केले आणि कोणी विचारले, बाई, मग ठाण्यात खोटं काहून बोलल्या, तर काय सांगायचे? माझ्या डोळ्यांपुढे तेवढेच येत होते. यजमानांचे काय होईल ते येत नव्हते.

मग तारखा सुरू झाल्या. सकाळी जायचे, नावाचा पुकारा व्हायची वाट बघायची, दुपारी कळायचे की पुढची तारीख पडली. तिसऱ्या तारखेनंतर नणंद घरी आली होती. ती भावाला म्हणाली, "दादा, तुह्या जागी कोणी असतं त कवाच मोकळं झालं असतं. माह्या दिराचं चालान झालं, पैसे भरले न् सुटला. तू काहून खेटे घालून रायला? वकिलाच्या पोरीचं लगन लावून देतं काय?"

मला तिचे म्हणणे पटले, कारण ते मला पाहिजे होते. केस संपली की माझी भीती संपणार होती. मी जेवण वाढताना म्हटले, "कबूल करून टाका ना. मोकळं होऊ."

"म्या केलंच नाही ते कबूल करू?"

"दंडच त आहे."

त्यांनी घास तसाच धरला. "तुले असंच वाटते? पक्कं?"

मी हो म्हटले. ते मला बोलायची एक संधी देत होते, हे मला फार उशिरा कळले.

वकीलसाहेबांनी एकदा समजावले. "चालान वेगळं न् हे वेगळं, भाऊ. एकदा हो म्हणलं की कागदावर जिंदगीभर राहते." यजमान म्हणाले, राहू द्या साहेब. कोर्टात न्यायाधीश मॅडमनी वाचून दाखवले आणि विचारले, गुन्हा कबूल आहे का? ते हो म्हणाले. कोणाच्या दबावाखाली सांगता का? ते नाही म्हणाले. मी मागच्या बाकावर बसले होते.

संध्याकाळी कोर्ट उठले. ते बाहेर येऊन म्हणाले, "इतका आरामात त मी आपल्या लग्नातबी नाही बसलो." आम्ही चौकात दह्यातला गिला वडा खाल्ला. मी फार दिवसांनी पोटभर खाल्ले.

पुढच्या वर्षी अकोल्याहून मुलीचा फोन आला. तिच्या घराजवळच्या शाळेत बसवर ड्रायव्हर पाहिजे होता. पोती उचलणे नाही, रविवारी सुट्टी, आणि नातीला रोज बघता येईल. यजमानांनी आयुष्यात पहिल्यांदा अर्जासाठी फोटो काढला, इस्त्रीचा शर्ट घालून. शाळेने त्यांना गाडी चालवायला लावली. तिथले मोठे ड्रायव्हर म्हणाले, हात साफ आहे काकांचा. मुलीने खोलीसुद्धा बघून ठेवली. मग शाळेने पोलिसांकडून माहिती मागवली.

ऑफिसातले साहेब वाईट बोलले नाहीत. "काका, दुसरं काही असतं तर पाहिलं असतं. हा गाडीचाच गुन्हा आहे, आणि तुम्हीच कबूल केला आहे. लेकरांची बस आहे. आम्ही नाही घेऊ शकत."

दोन दिवसांनी मी एकटीच वकीलसाहेबांकडे गेले. घरी सांगितले नाही. त्यांच्यासमोर बसले आणि सगळे सांगितले: गल्ली, वळवलेली मान, मागचा ट्रक, मी ओरडले ते. मध्ये कुठे थांबले नाही. आता साक्ष देते म्हटले, वर अपील करा.

त्यांनी ऐकून घेतले. मग हळू आवाजात म्हणाले, "बाई, स्वतः कबूल केलेल्या गुन्ह्यावर अपील नाही होत. शिक्षा जास्त झाली म्हणता येते, पण गुन्हा केला नाही असं आता म्हणता येत नाही. न् शिक्षा त काहीच नव्हती." चष्मा काढून म्हणाले, "हे आता बोलल्या ना, तेव्हा एवढंच लागत होतं."

घरी आल्यावर मी यजमानांना म्हटले, "मी जागी होती."

"मले माहीत नाही काय? तुह्याच आवाजानं म्या ब्रेक मारला."

"मग वकिलाले काहून नाही सांगितलं?"

"तू जमादारापुढं अशी थरथर कापत होती. तुले तिथं उभी करून चार लोकायनं काही बाही विचारलं असतं. मले नसतं पाह्यवलं." मग म्हणाले, "मले वाटलं, तू आपणहून म्हणशीन."

ते अजून त्याच व्यापाऱ्याची गाडी चालवतात, पोतीही उचलतात. मागच्या महिन्यात आम्ही मुलीकडे गेलो होतो. विहीणबाईंनी सगळ्यांसमोर विचारले, "नोकरीचं काय झालं मग? व्याही काही घेतात-बितात काय गाडीवर?" मुलगी आत कप धूत होती, ती तिथेच थांबली. यजमान जमिनीकडे बघून हसले.

मी म्हटले, "नाही, ते घेत नाहीत. त्यायची चूक नव्हती. म्या पाह्यलं होतं, न् मी खोटं बोलली."

मी पूर्ण सांगितले. विहीणबाई म्हणाल्या, असं होय, आणि त्यांनी दुसरा विषय काढला. जावईबापूंनी सासऱ्यांच्या हातात चहा दिला. कोर्टाच्या कागदावर मात्र जे आहे ते आहेच.