बोलता येईल इतकाच वेग

मॅरेथॉनचा वेग कसा ठरवायचा, हे मला बायकोने शिकवलं. पळता पळता पूर्ण वाक्य बोलता आलं तर तो आपला वेग. शब्द तुटायला लागले की तो दुसऱ्या कुणाचा तरी. मला चार तासांत शर्यत संपवायची होती. "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," ती म्हणायची. "अहो, जल्दी कशाची आहे? आराम से चला." ती काशीतच जन्मलेल्या मराठी घरातली, तिच्या मराठीत हिंदी अशी न विचारता घुसते. मी बँकेच्या बदलीवर आलेला नागपूरकर. आधी तिचं मराठी दुरुस्त करायचो, मग माझंच तसं झालं.

पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत आमचं घर. पहाटे घाटाघाटाने पळायचो आणि ती बोलत राहायची: तिच्या शाळेतल्या मुख्याध्यापिकेची उणीदुणी, संध्याकाळची भाजी, माझ्या आईने पहिल्या दिवाळीत तिला काय सुनावलं ते. मणिकर्णिकेपाशी चितांच्या धुरामुळे ती तोंडावर ओढणी घ्यायची, तेवढीच माझ्या कानांना विश्रांती. मुन्शी घाटावर एक नावाडी रोज ओरडायचा, "दम लगाइए, भाभीजी!" ती मराठीत ओरडायची, "लागतोय की! चांगलाच लागतोय!" तो खूश होऊन हात हलवायचा. त्याच्या हिंदीत दम लावायचा असतो, आपल्या मराठीत तो लागतो. एवढ्याशा विनोदावर आम्ही घरी पोचेपर्यंत हसायचो.

गेल्या हिवाळ्यात तिची वाक्यं आखूड झाली. आधी वाटलं, खोकला असेल, धुकं असेल. मग ती न पळताही अर्ध्यावर थांबू लागली. पोळी लाटताना, फोनवर बोलताना. डॉक्टरांनी विचारलं, "बोलते समय साँस फूलती है?" तिने माझ्याकडे पाहिलं. परीक्षा आमचीच होती, विचारणारा निराळा. फुफ्फुसं कडक होत चालली आहेत, ती पुन्हा मऊ होत नाहीत, असं ते म्हणाले. "दवा से रफ़्तार कम होगी, बस." रफ़्तार! त्या शब्दासाठी मला त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं.

लोक धीर देतात. गंगामैया आहे, कुणाच्या तरी मामेभावाला गुण आला होता, उमेद सोडू नका. मी मान डोलावतो आणि आतून जळतो. मला उमेद नाही. असं म्हटल्याने मी वाईट माणूस ठरत असेन, तर ठरू दे.

शर्यतीला आम्ही दोघांनी नाव दिलं होतं. तिचं काढलं तेव्हा मी माझंही काढायला निघालो, तर ती भडकली. "तुम्ही पळायचं. वेग मी ठरवणार." तेव्हापासून मी कानात इअरफोन घालून एकटा पळतो आणि ती घरी पलंगावर, ऑक्सिजनच्या यंत्राशेजारी, फोन कानाला लावून. सुरुवातीला ती बोलायची, मी हुंकार द्यायचो. आता बोलण्याचं काम माझ्याकडे आलंय. मी बोलत राहिलो की वेग बरोबर आहे, असं ती धरते. गप्प झालो की म्हणते, "दम लागतोय... कमी करा."

काल मुन्शी घाटापर्यंत गेलो. बँकेतली भांडणं, नदीचं पाणी, सांगण्यासारखं सगळं सांगून झालं होतं. नावाड्याने मला पाहिलं आणि सवयीने ओरडला, "दम लगाइए..." पुढचं 'भाभीजी' त्याने तोंडातच ठेवलं. तिने ते फोनवर ऐकलं. उत्तर द्यायला श्वास घेतलेला मला ऐकू आला.

"लागतोय..." एवढंच निघालं. मग खोकला, आणि मग नुसती यंत्राची घरघर.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "बोलत... का नाही? दम... लागतोय?"

"हो," मी म्हटलं.

"मग वेग... कमी करा."

"करतो," मी म्हणालो. मी केव्हाचा पायरीवर बसलो होतो.