बांधावरचे गमबूट

निडीतल्या त्या म्हाताऱ्याचे गमबूट दिसले की माझं डोकं फिरतं. गावची आशा सेविका म्हणून मीच ते त्याला मिळवून दिलेत. ते घालून तो रोह्याच्या बाजारात जातो, लग्नातसुद्धा मिरवतो. लावणीला मात्र बांधावर काढून ठेवतो, चिखलाचं बोट कपाळाला लावतो आणि अनवाणी शेतात उतरतो.

"काका, शेतातले उंदीर ह्याच पाण्यात मुततात. पायाच्या भेगांतून ताप शिरतो!" मी दरवर्षी ओरडते.

"जमीन लक्ष्मी हाय गो बाय. तिच्यावर पायताण घालून कोण उभा ऱ्हातो?" असं म्हणून तो हसतो. ते हसणंच मला सहन होत नाही.

गेल्या पावसात काकी त्याच्या शेजारी अनवाणीच लावणी करत होती. तापाने पिवळी पडली आणि इस्पितळातून परत आलीच नाही. तिच्या दहाव्याला तो माझ्याकडे बघून नुसती मान हलवत राहिला. मला वाटलं, आता तरी कळलं.

यंदा लावणीला गेले. तो आणि सून गुडघाभर चिखलात वाकलेले, आणि बांधावर गमबुटांचे दोन जोड. एक त्याचा, दुसरा त्यानेच सुनेसाठी हौसेने आणलेला. दोन्ही कोरडेठाक.