सगळ्या देवांचं देऊळ, मुक्काम जळगाव

उद्या रोम शहर नाहीसं झालं तरी जगाचं काही अडायचं नाही. त्याची नक्कल जळगावात आमच्या शेजारच्या नानांच्या भिंतीवर आहे, असं मी आजवर छातीठोकपणे सांगत आले. मी रोम पाहिलेलं नाही. नानांनीही नाही. पण नानांना तिथल्या प्रत्येक खांबाची भेग पाठ होती.

नाना शाळेत चित्रकला शिकवायचे. तरुणपणी मुंबईला रद्दीवाल्याकडे त्यांना बांधणी सुटलेला एक जाडजूड ग्रंथ मिळाला. त्यात जुन्या इटलीतल्या इमारतींची छापचित्रं. कमानी, घुमट, पडक्या भिंतीवरचं गवतसुद्धा एकेका रेघेनं कोरलेलं. त्यातली अकरा त्यांनी फ्रेम केली. गावातल्या फ्रेमवाल्यानं पहिल्याच चित्राची कड छाटली, म्हणून बाकीची धुळ्याला नेली. एकदा परत येताना एसटीत फ्रेम गोधडीत गुंडाळून खिडकीपाशी बसवलेली. कंडक्टर म्हणाला, "नाना, हाई काय शे?"

"रोमनी कमान शे. तिनं पुरं तिकीट फाड."

"किती वरीसनी शे?"

"दोन हजार."

"मंग म्हातारीले अर्धंच लागस!"

आपल्या कमानीचा असा अपमान नानांना सहन होईना. पूर्ण तिकीट घेण्यासाठी ते पारोळ्यापर्यंत भांडले.

त्यांच्या घरी चहा हवा असेल तर आधी तीन पावलं मागं उभं राहून खांब मोजावे लागत. चुकलात तर चहा गार. मे महिन्यात अख्खं जळगाव भट्टीसारखं तापायचं, पण त्यांच्या घरात कूलर नाही. "दमट हवेनं कागद फुगतो, वहिनी," असं ते घाम पुसत म्हणायचे. रोज सकाळी धोतराच्या मऊ तुकड्यानं काचा पुसायच्या आणि मुळीच न कललेली फ्रेम बोटानं सरळ करायची.

मी लग्न होऊन आले तेव्हा स्वतःला फार शहाणी समजायचे. मॅट्रिक झाले होते ना! पहिल्या दिवाळीला नानांकडे फराळाचं ताट घेऊन गेले, तर समोर भिंतीवर घुमटाचं भलंमोठं देऊळ. पदर सावरला, काचेवर ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं, हात जोडले आणि ठसक्यात विचारलं, "जागृत आहे ना हे देवस्थान?" सोबत आलेले माझे मिस्टर जमिनीत जायचे बाकी राहिले. नाना मात्र गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, रोमच्या लोकांनी हे सगळ्या देवांसाठी बांधलेलं देऊळच आहे. या गावात न सांगता ओळखणाऱ्या तुम्ही पहिल्या." त्या एका वाक्यावर मी पन्नास वर्षं मिरवले.

गेल्या वर्षी नाना लेकीकडे नाशिकला निघाले. भाड्याचा फ्लॅट, मालक खिळा ठोकू देईना. अकरा फ्रेमांना घरं शोधायची होती आणि नाना स्थळ बघावं तसे चौकशा करत फिरत होते. शाळेत दोन गेल्या, डॉक्टरांच्या दवाखान्यात तीन. तिथं आता पेशंट खांब मोजतात. माझा जीव त्या घुमटात अडकलेला. पण मागायचं कसं? ज्या बाईनं रोमला कुंकू लावलं तिनं? दहा गेल्या.

निघायच्या दिवशी सकाळी नाना दारात, हातात तीच गोधडी. "ही दुसऱ्या कुणाला द्यायची नव्हतीच," म्हणाले. "खिळा ठोका."

गोधडी सोडली. लखलखीत काच, आणि घुमटाच्या खाली माझ्या बोटाचा तांबूस ठसा. पन्नास वर्षं ते रोज काच पुसत आले होते, तेवढी जागा सोडून.

आता मीही ती सोडूनच पुसते. दर रविवारी नाशिकहून फोन येतो. "वहिनी, फ्रेम कलली नाही ना?"

मी उठते. सरळ असलेली फ्रेम बोटानं जराशी कलती करते, पुन्हा सरळ करते आणि सांगते, "कलली होती हो नाना. केली सरळ."

"तरीच," नाना म्हणतात. "मला सकाळपासून वाटतच होतं."